रक्त थांबले, तरी जागरण संपत नाही

डिचोली तालुक्यातील सुर्ला गावी कोणास रक्ताची उलटी झाली, अगर डांबरासारखे काळे शौचास झाले, तर १०८ ची गाडी बोलावून त्यास इस्पितळात नेतात व प्रकरण मोठे असल्यास बांबोळीस पोहोचवितात. तेथे डॉक्टर तोंडावाटे दुर्बीण घालून जठरातील वा लहान आतड्याच्या तोंडाशी असलेला व्रण शोधतात आणि गळणाऱ्या शिरेवर औषध टोचून, चिमटा लावून किंवा उष्णतेने डागून ती बंद करतात. पोट फाडावे लागले नाही म्हणून घरची मंडळी देवाचे आभार मानतात व दुसऱ्याच दिवशी ‘घरी कधी सोडणार?’ असे विचारू लागतात. येथे आम्ही वाचकांस थोडे थांबवू इच्छितो.

व्रण भरलेला नसतो. केवळ शिरेचे तोंड मिटलेले असते. पुन्हा रक्त वाहू लागलेच, तर बहुधा पहिल्या तीन दिवसांत. नाडी धावते, घाम सुटतो, पुन्हा काळे शौच होते. क्वचित डागलेल्या जागी छिद्र पडते. मग पोट फळीसारखे ताठते.

१९९९ साली हाँगकाँगच्या शल्यवैद्यांनी असे पुन्हा रक्तस्राव झालेले ९२ रुग्ण तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. ४८ जणांवर परत दुर्बिणीनेच उपचार झाले. ३५ जणांचे तेवढ्यावर भागले, १३ जणांवर शस्त्रक्रिया करावी लागली. त्यांतील दोघांवर ती डागण्याने पडलेल्या छिद्रामुळे ओढवली. उरलेल्या ४४ जणांचे पोट थेट उघडण्याचे ठरले, त्यांत १६ जणांस गुंतागुंती झाल्या. दुर्बिणीच्या गटात केवळ सात जणांस. तेव्हा डॉक्टर दुसऱ्यांदा दुर्बीण घालतात, ती टाळाटाळ नव्हे.

पण तिचाही उपाय खुंटला, की शल्यवैद्य आतडे उघडून व्रणाच्या तळाची रक्तवाहिनी टाक्यांनी बांधतो; छिद्र असेल तर पोटातीलच चरबीच्या पडद्याची घडी त्यावर बसवून शिवतो. अशा वेळी रात्री दोन वाजता संमतीचा कागद पुढे येतो, आणि मुलगा म्हणतो, “गावी थोरल्या काकांस विचारतो.” काकांचा मान आम्हांसही मान्य आहे, परंतु त्यांचा विचार पहिल्याच दिवशी, रुग्ण शुद्धीवर असता, घ्यावा. सही कोण करणार, रक्त कोण देणार, हेही तेव्हाच ठरवावे. आणि रुग्ण अंगदुखीसाठी ज्या गोळ्या खात होता, त्यांची रिकामी पाकिटे खिशात घालून न्यावीत. व्रणाचे मूळ पुष्कळदा तेथेच सापडते.