परवाना कोणाच्या हाती?

तारापूरच्या अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. त्यांना इंधन पुरविण्याचे अमेरिकेने १९६३ च्या तीस वर्षांच्या करारान्वये मान्य केले होते. पुढे १९७८ साली तिने आपल्या संसदेत कायदा केला आणि जुन्या करारावर निर्यात-परवान्याच्या नव्या अटी लादल्या. करार दोघांचा, परवाना मात्र एकाचा! अखेर १९८२ साली फ्रान्सकडे वळावे लागले.

अण्वस्त्रप्रसाराची भीती खोटी नव्हे. परंतु अण्वस्त्रांचे साठे बाळगणाऱ्यांनीच परवाने वाटावेत, हा न्याय कुठला? आपल्याकडील परवानाराजवर तुटून पडणारे अर्थपंडित याविषयी मात्र मौन पाळतात. जानेवारी २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिप्सवर अमेरिकेने असेच परवाने जाहीर केले; त्यांत भारत दुसऱ्या श्रेणीत होता. मे महिन्यात ते नियम मागे घेतले गेले, तेही वॉशिंग्टनच्याच मर्जीने.