पूजेच्या दिवशी कमिशनिंग रिपोर्टवर सही करू नका



मशीन कसं निवडायचं, कोटेशन कसं वाचायचं यावर आपण व्हिडिओमध्ये बरंच बोललोय. आज त्यापुढच्या एका दिवसाबद्दल बोलू. मशीन आपल्या जागेवर बसतं आणि पहिल्यांदा चालू होतं, तो दिवस.

हा दिवस कसा असतो ते तुम्हाला माहितीच आहे. मशीनला हार, हळदीकुंकू, समोर नारळ. आईवडील, शेजारी, दोन-चार मित्र. कंपनीचा टेक्निशियन बटण दाबतो, मोटर फिरते, टाळ्या पडतात. आपण पेढे वाटत असतो तेवढ्यात तो एक कागद पुढे करतो. "साहेब, इथे एक सही." कागदावर लिहिलेलं असतं: मशीन बसवलं, चालवून दाखवलं, ग्राहक समाधानी. आणि आपण सही ठोकतो.

माझं मत स्पष्ट आहे. पूजा जरूर करा, पेढे वाटा, पण त्या दिवशी ती सही करू नका.

मी केली होती. मसाल्याच्या युनिटसाठी १० एचपीचा पल्व्हरायझर घेतला होता. कोटेशनमध्ये लिहिलं होतं, तासाला १०० किलो. दसऱ्याला पूजा झाली, दोन किलो धने टाकून दाखवले, छान पावडर पडली. मी सही केली आणि राहिलेलं पेमेंटही देऊन टाकलं. पुढच्या आठवड्यात फोडलेली हळकुंडं टाकली. बारीक जाळी लावल्यावर तासाला जेमतेम ५५ किलो निघाली, आणि पावडर इतकी गरम की हातात धरवेना. फोन केला तर उत्तर आलं, "समाधानी आहे असं तुम्हीच लिहून दिलंय की."

आज विचार केला तर तो माणूस खोटं बोलला असंही म्हणता येत नाही. धन्यावर, मोठ्या भोकाच्या जाळीवर १०० किलो निघतही असतील. कोणता माल, कोणती जाळी, हे मी विचारलं नव्हतं आणि त्यांनी लिहिलं नव्हतं. पण मी हळदीची ऑर्डर तासाला १०० किलोच्या हिशोबाने घेऊन बसलो होतो. ती पूर्ण करायला डबल शिफ्ट लावली आणि नफा मजुरीतच गेला.

मोटर फिरली म्हणजे मशीन चाललं असं नाही

रिकामं मशीन कुणाचंही छान फिरतं. खरी परीक्षा लोडवर होते. म्हणून माझ्या हिशोबाने कमिशनिंग म्हणजे चार गोष्टी कागदावर येणं.

१. वीज. मोटर चालू करण्याआधी वायरमनकडून मेगर लावून घ्या. ५०० व्होल्टला इन्सुलेशनचं रीडिंग निदान १ मेगओम हवं. थ्री-फेज मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग हवेत. फिरण्याची दिशा बाणाप्रमाणे आहे का बघा, कारण दोन फेज उलटसुलट जोडले की मोटर उलटी फिरते. मग क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट घ्या, आधी रिकामं आणि मग माल टाकून. १० एचपीच्या मोटरला ४१५ व्होल्टवर पूर्ण लोडला साधारण १४ अँपिअर लागतात. नेमका आकडा नेमप्लेटवर असतो. तुमच्या मालावर त्याच्या वर करंट जात असेल तर मोटर जळायची वाट बघू नका, तिथेच थांबवा.

२. माल. माल तुमचा, सप्लायरने पिशवीतून आणलेला नाही. आत किती किलो गेला, बाहेर किती आला, जाळी कोणती होती, सगळं वजन करून लिहा.

३. वेळ. पाच मिनिटांत काहीच कळत नाही. निदान दोन तास सलग चालवा, जमलं तर पूर्ण शिफ्ट. बेअरिंग तापतं का, बोल्ट ढिले होतात का, आवाज बदलतो का, हे त्यानंतरच समजतं.

४. पुरावा. नेमप्लेटचा आणि सिरीयल नंबरचा फोटो काढा. मीटर आणि काटा दिसेल असा मोबाईलवर व्हिडिओ घ्या. तारीख, हजर असलेल्यांची नावं आणि दोघांच्या सह्या.

टेक्निशियनला परतीची गाडी पकडायची असेल, तो घाई करेल. त्याच्याशी भांडू नका. त्याच कागदावर पेनाने लिहा, "मशीन रिकामं चालवून पाहिलं. मालावरची चाचणी बाकी." मग खाली सही करा. ही सही चालते.

कायद्याचं घड्याळ आधीच सुरू झालेलं असतं

सप्लायरची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर २००६ चा एमएसएमईडी कायदा लागू होतो. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली नाही, तर तो तुम्ही स्वीकारला असं धरलं जातं. पेमेंटची मुदत तिथून मोजतात. लेखी करार असला तरी ती ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं.

आता आपल्याकडे काय होतं बघा. मशीन येऊन पडतं, पण थ्री-फेज कनेक्शन आलेलं नसतं. ते येईपर्यंत १५ दिवस उलटून जातात. म्हणून कनेक्शन तयार झाल्याशिवाय डिलिव्हरी बोलावू नका. आणि मशीनमध्ये दोष दिसला तर फोनवर ओरडू नका, त्याच दिवशी ईमेल करा. हा कायदा वाईट नाही हं. उद्या तुम्ही माल विकाल तेव्हा तो तुमच्याच बाजूने उभा राहील.

ऑर्डर देतानाच तीन ओळी लिहून घ्या: चाचणी कोणत्या मालावर आणि कोणत्या जाळीवर, शेवटचे १० टक्के चाचणीनंतर, आणि वॉरंटी चाचणीच्या तारखेपासून. अट आधी घातली तर तो व्यवहार असतो. मशीन आल्यावर घातली की तंटा होतो.

"पण धंदा विश्वासावर चालतो ना, सर?"

चालतो. मीही तेच मानतो. पण दोघांना वेगवेगळं आठवायला लागलं की पहिल्यांदा विश्वासच तुटतो. कागद असला की तो टिकतो. चांगला सप्लायर अशा चाचणीला नाही म्हणत नाही. उलट त्याचंही भलं होतं, कारण सहा महिन्यांनी तुमच्या कामगाराने चुकीची जाळी लावली, तर दोष त्याच्या माथी येत नाही.

आणि हा कागद भांडणापुरताच नाही. पहिल्या दिवशी हळदीवर ११ अँपिअर लिहिलेले असतील आणि वर्षभराने त्याच मालावर १३ दिसले, तर काहीतरी बिघडतंय हे मोटर जळायच्या आधी कळतं. पहिलं रीडिंगच नसेल तर तुलना कशाशी करणार?

तेव्हा मित्रांनो, पूजेच्या ताटाशेजारी एक वही, एक क्लॅम्प मीटर आणि एक वजनकाटा ठेवा. सही दोन दिवसांनी केली म्हणून मुहूर्त टळत नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत.