वाचकाच्या वतीने कोण बोलतो? : पिशाच्चांच्या गुन्हेगारी चित्रकथा आणि प्रतिसादाचा प्रश्न

‘वाचक’ या संज्ञेला गेल्या अर्धशतकात समीक्षाव्यवहारात जी प्रतिष्ठा लाभली, ती यापूर्वी क्वचितच लाभली असेल. १९६७ मध्ये रोलाँ बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली आणि त्या मृत्यूच्या मोबदल्यात वाचकाचा जन्म होईल असे सांगितले. त्याच वर्षी हान्स रॉबर्ट याउस यांनी कोन्स्टान्त्स विद्यापीठातील व्याख्यानात वाङ्मयेतिहास हा वाचकाच्या अपेक्षांच्या क्षितिजावरून लिहिला जावा असा आग्रह धरला. १९७२ मध्ये वोल्फगांग इझर यांचा ‘अभिप्रेत वाचक’ आला आणि १९८० मध्ये स्टॅन्ली फिश यांचा ‘अर्थनिर्णायक समूह’. आपल्याकडे अभिनवगुप्तांचा ‘सहृदय’ पूर्वीपासून होताच; त्यामुळे या पाहुण्यांचे स्वागत करताना आपल्याला फारसे अवघडल्यासारखे झाले नाही. मात्र या साऱ्या मांडणीत एक विलक्षण गोष्ट आढळते. तीत वाचकाविषयी पुष्कळ बोलले जाते आणि वाचक स्वतः जवळजवळ कधीच बोलत नाही. तो संहितेने कल्पिलेला असतो, परंपरेने घडवलेला असतो, समूहाने नियंत्रित केलेला असतो. पण एखादे पुस्तक हातात घेऊन त्याविषयी काही म्हणणारा माणूस या रूपात तो आपल्यापुढे येत नाही.

हा आक्षेप नवा नाही. प्रस्तुत लेखात तो एका अप्रतिष्ठित वाङ्मयप्रकाराच्या संदर्भात तपासून पाहायचा आहे. तो प्रकार म्हणजे रक्तपिपासू पिशाच्च आणि गुन्हा यांना एकत्र आणणाऱ्या चित्रकथा. या प्रकाराची निवड गंमत म्हणून केलेली नाही. वाचकाच्या प्रतिसादाविषयीच्या गृहीतकावर थेट कायदे उभारले गेले आणि व्यवसाय मोडले गेले, अशी उदाहरणे वाङ्मयेतिहासात फार नाहीत. त्यांतील एक ठळक उदाहरण याच प्रकाराचे आहे.

प्रथम घटना पाहू. सप्टेंबर १९५४ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या गॉर्बल्स या कामगारवस्तीतील ‘सदर्न नेक्रोपोलिस’ या दफनभूमीत संध्याकाळी शेकडो मुले जमली. काही तर चार-पाच वर्षांची होती. कित्येकांच्या हातांत चाकू आणि टोकदार काठ्या होत्या. लोखंडी दातांच्या, सात फूट उंच अशा एका रक्तपिपासू पिशाच्चाने दोन मुलांना मारून खाल्ले आहे आणि आपण त्याचा शोध घेत आहोत, असे त्यांनी पोलिसांना सांगितले. दोन मुले बेपत्ता असल्याची कोणतीही नोंद नव्हती. शेजारच्या लोखंडाच्या कारखान्याच्या भट्टीचा लाल उजेड आणि धूर त्या दफनभूमीवर पसरत असे. मुलांची समजूत घालून त्यांना घरी पाठवण्यात आले. पुढच्या संध्याकाळी ती पुन्हा आली.

या घटनेचा अर्थ लावताना प्रौढांना वेळ लागला नाही. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’सारख्या अमेरिकन भयकथांच्या कॉमिक्सनी मुलांची मने बिघडवली, हा निर्णय वृत्तपत्रांनी, शिक्षकांनी आणि धर्मगुरूंनी दिला. त्या भागाच्या खासदार ॲलिस कलन यांनी प्रश्न संसदेपर्यंत नेला. ब्रिटनमध्ये अशा चित्रकथांविरुद्धची मोहीम आधीपासून चालूच होती. तिला आयते उदाहरण मिळाले. १९५५ मध्ये मुलांसाठी हानिकारक प्रकाशनांविरुद्धचा कायदा संमत झाला. गुन्हे, हिंसा वा क्रौर्य आणि किळसवाणे अथवा भीषण प्रसंग चित्रांतून सांगणारे जे प्रकाशन, ज्याच्या हाती पडेल त्या मुलाला भ्रष्ट करण्याकडे झुकते, ते या कायद्याने निषिद्ध ठरवले.

पुढे लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी चौकशी केली, तेव्हा लोखंडी दातांची वाट निराळीकडे जात असल्याचे दिसले. बायबलमधील दानीएलाच्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात लोखंडी दातांचे श्वापद आहे. लोखंडी दातांच्या जेनीची स्कॉट्स बोलीतील कविता तर शाळेतच शिकवली जात असे. येथे प्रामाणिकपणे हेही नोंदवले पाहिजे की १९५३ च्या अखेरच्या एका अमेरिकन कॉमिक्समध्ये लोखंडी दातांच्या पिशाच्चाची कथा असल्याचे नंतर आढळले. मात्र एखादी कथा छापली गेली यावरून ती गॉर्बल्सच्या मुलांनी वाचली होती असे सिद्ध होत नाही. ती वाचली होती असे वादापुरते मान्य करू. तरीही प्रतिवाद्यांची बाजू बळकट होत नाही, उलट ती अधिकच अडचणीत येते.

कारण कायद्याने गृहीत धरलेला वाचक कोणता? गुन्हेगाराचे अनुकरण करणारा. गुन्ह्याची कथा वाचली की तो गुन्हा करील, पिशाच्च पाहिले की तो पिशाच्च होईल. आणि दफनभूमीतील मुले काय करीत होती? ती गुन्ह्याचा तपास करीत होती. दोन मुलांचा खून झाला आहे, पोलीस काही करीत नाहीत, तेव्हा खुन्याला आपणच शोधले पाहिजे, असा त्यांच्या कृतीचा तर्क होता. या कथेत त्यांनी पिशाच्चाची जागा घेतली नाही. शिकाऱ्याची आणि तपास करणाऱ्याची घेतली. कथेच्या रचनेतील जी जागा नैतिक आहे, तीच त्यांनी निवडली. हातात चाकू घेऊन फिरणाऱ्या मुलांचे कौतुक करावे असे मला म्हणायचे नाही. पण वाचनाचा परिणाम म्हणूनच ही घटना वाचायची असेल, तर तिच्यातून निघणारा निष्कर्ष कायद्याच्या गृहीतकाच्या नेमका उलट आहे. मुलांचे म्हणणे पोलिसांनी ऐकले, पत्रकारांनी छापले. त्याचा अर्थ मात्र त्यांना कोणी विचारला नाही.

अटलांटिकच्या पलीकडे हेच नाट्य अधिक शास्त्रीय वेशात चालले होते. मनोविकारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम यांचे ‘सिडक्शन ऑफ दि इनोसन्ट’ हे पुस्तक १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सेनेटच्या उपसमितीपुढे प्रकाशक विल्यम गेन्स यांची साक्ष झाली आणि ऑक्टोबरमध्ये प्रकाशकांनी स्वतःवर जी आचारसंहिता लादून घेतली, तिने पिशाच्च आणि पिशाच्चवृत्ती यांना पूर्ण बंदी घातली. वर्थम यांचे सामर्थ्य हे होते की ते वाचकांचे म्हणणे उद्धृत करीत. त्यांचे पुस्तक मुलांच्या उद्गारांनी भरलेले आहे. वाचक-प्रतिसादाचा याहून सज्जड पुरावा कोणता? परंतु वर्थम यांची कागदपत्रे २०१० मध्ये अभ्यासकांना खुली झाली आणि २०१२ मध्ये कॅरल टिली यांनी त्यांतील टिपणे व छापील पुस्तक ताडून पाहिले. मुलांची वये बदललेली, दोन व्यक्तींचे म्हणणे एकाच्या तोंडी घातलेले, टोळ्या आणि घरची परिस्थिती असे अडचणीचे तपशील गाळलेले त्यांना आढळले. ज्या प्रतिसादावर साऱ्या युक्तिवादाची इमारत उभी होती, तो प्रतिसाद संपादित होता.

याच काळात काही वाचक स्वतःहूनही बोलत होते. १९४८ मध्ये चौदा वर्षांच्या एका अमेरिकन मुलाने वर्थम यांचा प्रतिवाद करणारे दीर्घ पत्र एका प्रतिष्ठित वाङ्मयीन साप्ताहिकाला पाठवले आणि ते छापले गेले. क्रौर्य कॉमिक्सच्या कितीतरी आधीपासून माणसाच्या सोबतीला आहे, हा त्याच्या युक्तिवादाचा गाभा होता. उपसमितीलाही मुलांनी पत्रे लिहिली. या पत्रांना निर्णयात कोणते स्थान मिळाले, हे आचारसंहितेच्या कलमांवरून स्पष्टच आहे.

एक उपहासात्मक योगायोग येथे नोंदवावासा वाटतो. मार्टिन बार्कर यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की ब्रिटनमधील मोहिमेमागे तेथील कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्यांचा मोठा वाटा होता. अमेरिकन संस्कृतीचे आक्रमण हा त्यांचा मुद्दा होता. इकडे गेन्स यांनी १९५४ मध्येच आपल्या अंकांतून कॉमिक्सच्या विरोधकांना कम्युनिस्टांचे हस्तक म्हणून हिणवले. एकाच चित्रकथेवरून दोन्ही गोटांनी एकमेकांशी युद्ध केले. मुलगा हे दोघांचेही रणांगण होते. साक्षीदार म्हणून तो कोणालाच नको होता.

१९७१ मध्ये आचारसंहिता शिथिल झाली, ती कशी, हे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावे. पिशाच्चाला प्रवेश मिळाला तो ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन, पो, साकी, कॉनन डॉयल यांच्या प्रतिष्ठित परंपरेत हाताळले जाईल या अटीवर. ‘झॉम्बी’ला असा वाङ्मयीन वंशवृक्ष नसल्यामुळे तो दाराबाहेरच राहिला. म्हणजे वाचकावर होणारा परिणाम हा निकष एका रात्रीत बदलून अभिजाततेचा निकष त्याच्या जागी आला. रक्त तेच, दात तेच. फक्त शाळेत वाचल्या जाणाऱ्या लेखकाची शिफारस आणली की पुरे. परिणामाविषयीची सारी चिंता मुळात प्रतिष्ठेविषयीची चिंता होती, याची याहून स्पष्ट कबुली मिळणे कठीण.

त्यानंतर १९७२ मध्ये सुरू झालेल्या ‘द टूम ऑफ ड्रॅक्युला’ या मालिकेने १९७९ पर्यंत सत्तर अंक काढले. पिशाच्चांचा शिकारी ब्लेड तिच्यातूनच पुढे आला आणि हॅनिबल किंग हा खाजगी गुप्तहेरही. किंग स्वतःच पिशाच्च आहे आणि तरीही माणसाचा बळी घेण्यास नकार देतो. गुन्हेगार आणि तपास करणारा यांची एकाच देहात गाठ घालणारी ही कल्पना १९५५ च्या कायद्याला पेलवली नसती. कारण त्या कायद्याच्या लेखी वाचकाला एका वेळी एकच जागा घेता येत होती. या मालिकेच्या अंकांत वाचकांच्या पत्रांचे सदर असे. अशा सदरांतून वाचक कथानकातील विसंगती दाखवीत, रेखाटनशैलीची चर्चा करीत, पात्रांच्या वागण्याची कारणे मागत. यातील कोणत्या कृतीला आपण समीक्षा म्हणणार नाही?

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की ही सदरे प्रकाशकाने निवडलेली आणि त्याच्या लाभाची असतात. हे खरे आहे. वाचकांचा उत्साह हे बाजाराचे भांडवल असते आणि छापलेले पत्र हे अनेकदा जाहिरातीचे काम करते. म्हणूनच मी वाचकाचा जयजयकार करीत नाही. मात्र संपादित साधनांकडे पाठ फिरवणे हा या अडचणीवरचा उपाय नाही. पत्र कोणी निवडले, काय गाळले, उत्तर कोणत्या सुरात दिले, हे तपासणे ही संहिताचिकित्साच आहे. हस्तलिखितांच्या बाबतीत ती आपण आनंदाने करतो.

दुसरा आक्षेप असा की जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्येच प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांशी बोलून या पद्धतीचा पाया घातला आहे, मग तक्रार कसली? तक्रार अशी की त्या पुस्तकाचा उल्लेख आपल्या प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात येतो आणि तिसऱ्या प्रकरणापर्यंत तो विसरला जातो. तेथे पुन्हा ‘वाचकाला असे वाटते’ हे वाक्य येते. हा वाचक कोण, असे विचारले तर उत्तर एकच असते : प्रबंधलेखक.

हा प्रश्न परदेशातील जुन्या गोष्टींचा नाही, हे सांगण्यासाठी दूर जायला नको. ब्रिटिश कायद्याच्या पाठोपाठ १९५६ मध्ये भारतीय संसदेनेही हानिकारक प्रकाशनांविषयी कायदा केला. शब्दयोजना पुष्कळशी तीच ठेवली. दोन बाबतींत मात्र आपण मूळ प्रतीच्या पुढे गेलो. चित्रे नसलेल्या कथाही व्याख्येत घेतल्या आणि ‘तरुण व्यक्ती’ म्हणजे वीस वर्षांखालील कोणीही असे ठरवले. महाविद्यालयात मर्ढेकर शिकणारा विद्यार्थी रहस्यकथेपासून रक्षणीय ठरला. हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर आणि भयकथाकार नारायण धारप यांचे वाचक या व्याख्येच्या छायेतच वाढले. समीक्षेने त्यांना काय दिले? ‘रंजनपर’ हे विशेषण. हे विशेषण दिसायला कायद्याहून सौम्य असले, तरी त्याची कृती तीच : वाचकाने काय वाचले असेल ते त्याला न विचारता ठरवून टाकणे. वाचनालयांच्या फाटक्या प्रतींच्या समासांत, लेखकांना आलेल्या पत्रांत, त्या पिढीतील हयात माणसांच्या स्मरणात जे शिल्लक असेल, तेही दरवर्षी कमी होत जाईल.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे मागणी अगदी साधी ठेवावीशी वाटते. पिशाच्चांची गुन्हेगारी चित्रकथा असो वा अर्नाळकरांचा ‘काळा पहाड’, ‘वाचक’ हा शब्द लिहिताना तो कोणता, त्याचे म्हणणे कोठे नोंदले आहे, ते कोणी नोंदवले आणि त्यातून काय गाळले, या चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत. ती देता येत नसतील, तर त्या जागी प्रांजळपणे ‘मला’ हा शब्द वापरावा. गॉर्बल्सच्या मुलांनी निदान एवढे केले होते : आपण काय शोधत आहोत, हे विचारणाऱ्याला त्यांनी स्पष्ट सांगितले होते.