चालतंय की!

जुनं सॉफ्टवेअर ठेवावं की नवं घ्यावं, हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एकाला जुनं सगळं भंगार वाटतं, दुसऱ्याला नवं सगळं लुबाडणूक. मला दोघांचंही निम्मंच पटतं.

आधी जुन्याची बाजू घेतो, कारण माझा ओढा तिकडेच आहे. सातारा-सांगलीकडे लग्नपत्रिका करणारे जे डीटीपीवाले मी पाहिलेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे अजून पेजमेकर ७, फोटोशॉप ७ आणि जुने श्रीलिपी फॉन्ट आहेत. पेजमेकर ७ हे २००१ चं, फोटोशॉप ७ हे २००२ चं. सांगलीतल्या आमच्या ओळखीच्या एका डीटीपीवाल्यांना मी विचारलं, "बदलत का नाही?" ते म्हणाले, "चालतंय की, दादा! गणपती तोच, मुहूर्त तसलाच, 'माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं' पण तेच. मग मशीन कशाला बदलू?"

काय चुकलं यात? विंडोज एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम लागायची. विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते, म्हणजे ६४ पट. पत्रिका काही ६४ पट लवकर होत नाही! पास्कल ही संगणकभाषा करणारे निकलाउस विर्थ १९९५ मध्येच लिहून गेले की, हार्डवेअर जितक्या वेगाने सुधारतं त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंदावतं. त्यात २०१३ मध्ये अडोबीने पुढच्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर द्यायचं ठरवलं. लग्नसराई चार महिन्यांची आणि भाडं बारा महिन्यांचं, हे छोट्या प्रेसला कसं परवडावं?

आता दुसरी बाजू. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत २००४ साली याच डीटीपीवाल्यांनी लावला होता. २०१९ च्या पुरात गावभागातल्या मामांच्या घरात पाणी शिरलं आणि कपाटातल्या सगळ्या प्रती गेल्या. त्यांच्या जुन्या मशीनवर मात्र फाइल एका क्लिकमध्ये उघडली! जुन्याचा केवढा हा विजय, असं वाटलं. पण तीच फाइल मामेभावाने पुण्यात उघडायचा प्रयत्न केला, तर आधी उघडेचना. मजकूर कॉपी करून ईमेलने मागवला, तर पणजोबांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं.

कारण साधं आहे. त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची. फॉन्ट असला तर मराठी, नसला तर कचरा. युनिकोडने १९९१ मध्येच देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला होता, पण पेजमेकरला युनिकोड कधी कळलंच नाही. कन्व्हर्टर वापरला तर ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार भलतीकडे जाऊन बसले. शेवटी मी आणि मावशी दोन महिने प्रूफं वाचत होतो.

वाईला मराठी विश्वकोश तयार झाला. त्याचा पहिला खंड १९७६ चा. तो आज युनिकोडमध्ये आहे आणि मोबाइलवर शब्द टाकून शोधता येतो. आमचा कुलवृत्तांत त्यानंतर २८ वर्षांनी, तोही संगणकावर झालेला, आणि त्यात एक नाव शोधता येत नव्हतं!

म्हणून मी आता निवड करताना एवढंच बघतो, की या कामाचं आयुष्य किती? पत्रिकेचं आयुष्य लग्नापर्यंत. तिथे पेजमेकर खुशाल वापरा, फक्त ते मशीन नेटला जोडू नका. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला. पण आठवणी, स्मरणिका, वंशावळ, आजीच्या पाककृती यांचं आयुष्य प्रोग्रॅमपेक्षा मोठं असतं. ते युनिकोडमध्येच हवं आणि सोबत एक साधी टेक्स्ट फाइल हवी.

आणि त्यासाठी महागडं, अवजड काही लागत नाही. एक्सपीतलं नोटपॅडसुद्धा युनिकोडमध्ये फाइल ठेवायचं. लिबरऑफिस फुकट आहे. जुन्या मशीनवर एखादं हलकं लिनक्स टाकलं तर कामही भागतं.

घाई मात्र एका गोष्टीची आहे. ती जुनी मशीनं आता बंद पडतायत आणि ती चालवणारी माणसं दुकानं आवरतायत. तेव्हा नातेवाईक मंडळी, कुणाच्या कपाटात स्मरणिकांच्या, वाढदिवस-विशेषांकांच्या सीडी असतील तर यंदाच बाहेर काढा आणि मला कळवा. प्रूफं वाचायला मावशी तयार आहे.