आयोगाची खुर्ची कुणाची सोय लावण्यासाठी नाही!

चंद्रपूर-गडचिरोलीतील ग्रामसभांना आणि नागरिकांना जाहीर आवाहन



राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये अनुसूचित जमातींसाठी स्वतंत्र राज्य आयोगाला मंजुरी दिली. त्याआधी 2005 पासून जाती आणि जमाती मिळून एकच आयोग होता आणि तोही शासन निर्णयावर उभा. आता वेगळा आयोग मिळाला म्हणून पेढे वाटणाऱ्यांना आमचा सवाल आहे: तिथे बसवणार कोणाला? तिकीट कापलेल्याला, की मंत्रिपद हुकलेल्याला? आयोग म्हणजे महामंडळ नव्हे, हे मुंबईला अजून पटायचे आहे.

ऑगस्ट 2021 आठवा. जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना, बायकांना भर चौकात बांधून मारले. गाव बघत उभे होते. चंद्रपूर जिल्ह्यात हे घडले, जिथे 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी दीक्षा दिली! जादूटोणाविरोधी कायदा तेव्हा जवळपास आठ वर्षांचा होत आला होता. चेटकीण ठरवून दलित-आदिवासीला छळणे हा 2015 च्या दुरुस्तीपासून ॲट्रॉसिटीचाही गुन्हा आहे. त्याच दुरुस्तीने आदिवासीच्या वनहक्कात आडकाठी आणणे हाही गुन्हा ठरवला. आता सांगा, वनहक्काच्या दाव्यावर ‘त्रुटी’ असा शेरा मारून फाईल वर्षानुवर्षे दाबणाऱ्या किती बाबूंना या कलमाखाली कुणी जाब विचारला? कायदे ढीगभर आहेत, विचारणाराच नाही.

तो विचारणारा म्हणजे आयोग. घटनेच्या कलम 338-अ ने राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाला चौकशीत दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत. तो अधिकाऱ्याला समन्स काढू शकतो, कागद मागवू शकतो, शपथेवर जबाब घेऊ शकतो. आदिवासींशी संबंधित मोठ्या धोरणावर केंद्राने आणि राज्याने त्याचा सल्ला घेतलाच पाहिजे. वाचताना ऊर भरून येतो. पण 2022 मध्ये संसदेच्याच समितीने सांगितले, की हा आयोग चार वर्षे निष्क्रिय आहे, संसदेपुढे एकही अहवाल आलेला नाही. त्याची प्रादेशिक कार्यालये सहा आणि महाराष्ट्रात एकही नाही. पर्लकोटेला पूर आला की ज्या भामरागडकराला तालुक्याबाहेर पडता येत नाही, त्याने दिल्लीची पायरी चढायची!

त्याच 2022 मध्ये केंद्राने वनसंवर्धनाचे नवे नियम आणले. ग्रामसभेची संमती बाजूला राहून वनजमीन प्रकल्पाला द्यायला केंद्राची मंजुरी आधीच मिळू शकेल, अशी वाट त्यांनी मोकळी केली. गडचिरोलीतल्या सुरजागडचे लोहखनिज डोळ्यांदेखत वाहून जाताना पाहणाऱ्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. राष्ट्रीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष हर्ष चौहान यांनी हे नियम थांबवा, असे सरकारला लिहून कळवले. ज्या सरकारने नेमले, त्यालाच. सरकारने ऐकले नाही. जून 2023 मध्ये, मुदत संपायच्या कितीतरी आधी, चौहान यांनी राजीनामा दिला.

आणि डॉ. ब्रह्मदेव शर्मा? इंद्रावतीपलीकडच्या बस्तरचे एकेकाळचे कलेक्टर. सनदी नोकरी सोडलेला हा माणूस 1986 ते 1991 अनुसूचित जाती-जमातींचा आयुक्त होता. त्या पदाला आजच्या आयोगाचे अधिकार नव्हते. राष्ट्रपतींना अहवाल पाठवायचा, बस्स. पण जल, जंगल, जमिनीवर हक्क कोणाचा, हे त्यांनी सरकारी अहवालात असे सुनावले, की त्यांचा 29 वा अहवाल आजही चळवळीतले लोक काढून वाचतात. फरक माणसाच्या कण्याचा आहे. म्हणूनच ‘पुढारी नको, निवृत्त अधिकारी बसवा’ या तोडग्याने आम्ही हुरळून जात नाही. हयातभर ‘होय साहेब’ म्हणणारा निवृत्तीनंतर कलेक्टरला समन्स काढील, ही आशा भाबडी आहे.

आमची मागणी अशी. राज्याचा आयोग विधिमंडळाच्या पक्क्या कायद्याने बांधा. अध्यक्ष निवडणाऱ्या समितीत विरोधी पक्षनेता असू द्या. मानवी हक्क आयोगाला ते चालते, मग इथे का नाही? मागच्या पाच वर्षांत निवडणूक लढवलेला किंवा पक्षाचे पद भोगलेला माणूस नको. मुदत ठरलेली हवी आणि मुदतवाढीचे गाजर नको. अहवाल दरवर्षी सभागृहात यावा, सोबत सरकारने काय केले याचे लेखी उत्तरही. सुनावणी गडचिरोलीला आणि जिवतीला व्हावी. माडिया, गोंडी, कोलामी जाणणारा दुभाषी तिथे हजर असावा आणि तोंडी तक्रार लिहून घ्यावी. एटापल्लीच्या बाईने मुंबईच्या टेबलावर मराठी अर्ज का टाकायचा?

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, तो कुणा अध्यक्षाच्या मेहरबानीने नव्हे, ग्रामसभेच्या जोरावर. तोच जोर इथेही लावा. पुढच्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव घ्या आणि राज्यपालांना पाठवा. पाचव्या अनुसूचीने आपल्या क्षेत्राची जबाबदारी त्यांच्यावर टाकली आहे. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.