कॅमेरा छोटा, म्हणून काम छोटं नाही!



प्रॉडक्ट फोटो, बाळांचे फोटो असा धंदा सुरू करणारे बरेच जण विचारतात, "सर, सेकंडहँड डीएसएलआर घेतोय. छोटा दिसला तर गिऱ्हाईक काय म्हणेल?"

माझं मत स्पष्ट आहे. बॉडीच्या आकाराला पैसे मोजू नका, आतला सेन्सर बघा.

कॅननचेच दोन कॅमेरे घ्या. 2009 चा 7डी, नुसती बॉडी 820 ग्रॅम. 2013 चा 100डी, साधारण 370 ग्रॅम. वजन निम्म्याहून कमी, पण सेन्सर दोन्हीत एपीएस-सी, 22.3 बाय 14.9 मिमी, आणि दोन्ही 18 मेगापिक्सेल. मग 7डीत जास्तीचं काय? दणकट बॉडी, सेकंदाला 8 फोटो. क्रिकेटच्या मॅच काढणार असाल तर कामाचं. टेबलावरच्या लोणच्याच्या बरणीला 8 फोटो कशाला?

आता उलटं बघा. 2008 चा ऑलिंपस ई-420 हाही 380 ग्रॅमचा, म्हणजे 100डी एवढाच हलका. पण त्याचा फोर थर्ड्स सेन्सर 17.3 बाय 13 मिमी. क्षेत्रफळ काढा, 100डीचा सेन्सर जवळपास दीडपट भरतो. सेन्सर मोठा असला की कमी उजेडात फोटोला दाणे कमी येतात. म्हणजे बाहेरून बघून आतलं कळत नाही.

"पण 18 मेगापिक्सेल पुरतील का?" 12 बाय 18 इंचाच्या अल्बमच्या पानावर इंचाला 288 पिक्सेल मिळतात. प्रिंट व्यवस्थित येते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कॅननच्या एपीएस-सीवर 50 मिमीची लेन्स 80 मिमीसारखी दिसते. दहा बाय दहाच्या खोलीत मागे सरकायला भिंत आडवी येते. तिथे 24 मिमीची लेन्स बरी.

रात्रीच्या लग्नांची कामं हातात असतील तर फुल फ्रेमचा विचार जरूर करा. 36 बाय 24 मिमी, म्हणजे एपीएस-सीच्या अडीचपटीहून मोठा सेन्सर. पण पहिली ऑर्डर यायच्या आधी त्यासाठी हप्ते लावून घेऊ नका. हप्ता दर महिन्याला येतो, ऑर्डर येईलच असं नाही.

छोटी बॉडी घ्या, वाचलेले पैसे लेन्स आणि लाइटला लावा. गिऱ्हाईक कॅमेरा दोन मिनिटं बघतं, फोटो वर्षानुवर्षं बघतं.