घरची बाग : पौषांतील कात्री

पौष लागून थंडीचा कडाका वाढला, म्हणजे बागेची हौस असणारांचे हात कात्रीकडे वळतात. ज्यांच्या संग्रहीं विलायती बागकामाचीं पुस्तकें आहेत, त्यांस तर हिवाळा म्हणजे छाटणीचाच काळ वाटतो. परंतु तीं पुस्तकें जेथें लिहिलीं गेलीं तेथें या दिवसांत जवळजवळ सारी बाग निजलेली असते. आपल्या देशावर ती एकसमयावच्छेदेंकरून निजत नाहीं. गुलाब ऐन भरांत, कुंद फुललेला, आणि शेजारींच मोगरा पेंगुळलेला, असा आपला प्रकार! तेव्हां कात्री उचलण्यापूर्वीं कोण जागा आहे व कोण झोपीं गेला आहे, हें ओळखलें पाहिजे.

गुलाबास या महिन्यांत हात लावूं नये. त्याची छाटणी पाऊस उघडल्यावर आश्विनांत व्हावयाची. आतां फक्त सुकलेलीं फुलें खुडावीं. कुंदही फुलोरा संपेपर्यंत तसाच असूं द्यावा. शेवंतीचा बहर ओसरला असल्यास तिचे जुने दांडे जमिनीलगत कापावे. बुडाशीं दिसणारे नवे फुटवे हेंच पुढील सालचें भांडवल.

मोगऱ्याची गोष्ट निराळी, आणि एकत्र कुटुंबांत ती जरा नाजूकही. मोगऱ्याचें फूल येतें तें नव्या फुटीवर, आणि फूट जोमदार हवी तर झाडास आधीं विसावा हवा. याकरितां डिसेंबराच्या मध्यापासून तीन-चार आठवडे त्याचें पाणी तोडावें. यास बागाईतदार ताण देणें म्हणतात. लिंबू-संत्र्यांचा आंबेबहार धरतांनाही हीच युक्ति. परंतु घरांत माणसें दहा, आणि प्रत्येकास दया येते! पूजा आटोपून आजोबा उरलेलें पाणी तिकडेच ओततात, पानें मलूल दिसलीं कीं काकू तांब्या रिकामा करितात, मुलें तर हातच कुंडींत धुतात. अशा झाडास धड विसावा नाहीं कीं धड पाणी नाहीं. चैत्रांत मग कळ्या शोधाव्या लागतात, आणि दोष येतो खतावर. यावर उपाय सोपा आहे. कुंडीस सुतळीचा एक वेढा बांधावा, आणि वेढा असेतों पाणी नाहीं, असें सर्वांस सांगून ठेवावें. वडील मंडळींस सांगण्याचें काम धाकट्या नातीकडे द्यावें. तिचें बहुधा ऐकलें जातें.

पानें पिवळीं पडून गळूं लागलीं म्हणजे ताण पुरा झाला. फांदी नखानें किंचित् खरवडून पाहावी. आंत हिरवी असेल तर ठीक, कोरडी तपकिरी दिसली तर ताण अति झाला. संक्रांतीनंतरच्या आठ-पंधरा दिवसांत वाळक्या व एकमेकींत गुंतलेल्या काड्या बुडापासून काढाव्या. उरलेल्या दीड-दोन वीत राखून, डोळ्याच्या थोडें वर, धारदार कात्रीनें छाटाव्या. राहिलेलीं पानें खुडावीं. वरची दोन बोटें माती उकरून, चांगलें कुजलेलें शेणखत मिसळून, मग भरपूर पाणी द्यावें. ताजें शेण घालूं नये. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास ओंजळींनीं कळ्या हव्या असतील त्यांनीं हें बोडकें झाड कांहीं दिवस पाहून घेतलें पाहिजे.

तुळशीचें लग्न झालें कीं ती मंजिऱ्यांनीं वांकते. बीं धरूं लागल्यावर झाडाची सारी शक्ति तिकडे जाते व तें वाळूं लागतें. याकरितां मंजिऱ्या रोज खुडून देवास वाहाव्या. थोडें बीं मात्र राखावें. पाणीही पहाटे गार न घालतां ऊन आल्यावर घालावें.

देशावरील थंडीनें सहसा झाडें मरत नाहींत, तरी भरंवसा नसावा. पुण्यासच १९३५ सालच्या १७ जानेवारीस पारा १.७ अंश सेल्सिअसवर उतरला होता. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं तर दंव गोठून गवत पांढरें होतें. गार हवा जड, म्हणून ती सखल जागीं सांचते. नाजूक कुंड्या तेथून उचलून भिंतीच्या आडोशास आणाव्या. केळ, पपई, नागवेल यांस तिसऱ्या प्रहरीं पाणी द्यावें, कारण ओली माती दिवसाची ऊब कोरडीपेक्षां अधिक सांठविते व रात्रीं हळूहळू सोडते. कोंवळ्या रोपांवर काठ्या रोवून गोणपाट ताणावें. तें पानांस टेकूं देऊं नये, आणि ऊन येतांच काढावें. तिसऱ्या प्रहरच्या या पाण्यांतून सुतळी बांधलेली कुंडी अर्थातच वगळावी.